पोटाला भोक, गल्ल्यात भर

दिवसा मंगळावर जाणाऱ्या गाडीचे सुटे भाग, रात्री हॅलोविनचा ड्रेस. कॅलिफोर्नियात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत नोकरीला असलेल्या मार्क रोबर या इंजिनिअरचं २०११ साली असं चाललं होतं. सात वर्षं ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरवर राबलेला हा गडी. त्या ऑक्टोबरात त्याने एक आयपॅड पोटावर बांधला, दुसरा पाठीवर, आणि दोघांमध्ये व्हिडिओ कॉल लावून दिला.

पाठीवरच्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते पोटावरच्या पडद्यावर. शर्ट तेवढाच फाडलेला, कडेने रक्तासारखा लाल रंग. समोरच्याला वाटावं, याच्या पोटाला आरपार भोक पडलंय! तेव्हा आयपॅडवरचे हे कॉल फक्त वायफायवर चालायचे. म्हणजे वायफाय गेलं की जखम बरी.

या करामतीचा व्हिडिओ एका दिवसात १५ लाख वेळा पाहिला गेला.

खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. सगळ्यात स्वस्त आयपॅड २ ची किंमत तेव्हा ४९९ डॉलर होती. दोन घेतले की हजाराला दोन कमी. एका रात्रीच्या सोंगासाठी एवढे कोण मोजणार? म्हणून २०१२ मध्ये रोबरने ‘डिजिटल डड्झ’ ही कंपनी काढली आणि आयपॅडला सुट्टी दिली. टी-शर्टवर चित्र, मोक्याच्या जागी भोक, आतून फोनसाठी कप्पा. अ‍ॅप फुकट. फोन आत सरकवला की भोकातून हृदय धडधडायला लागतं. ड्रेसमधली सगळ्यात महागडी वस्तू गिऱ्हाइकाच्या खिशात आधीच होती; कंपनीने विकायचं ते फक्त कापड! माझ्या मते मूळ व्हिडिओपेक्षा ही युक्ती जास्त हुशारीची.

पहिल्या तीन आठवड्यांत अडीच लाख डॉलरची विक्री झाली. तीन आठवडे थोडे वाटतील, पण या धंद्याचा सीझनच तेवढा. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन उलटला की राहिलेला माल पुढच्या वर्षापर्यंत गोदामात. आपल्याकडे १ ऑगस्टला लोकमान्यांची पगडी शोधणाऱ्या आईबापांना आणि ती भाड्याने देणाऱ्या दुकानदारांना हे वेगळं सांगायला नको.

क्युरिऑसिटीही त्याच वर्षी मंगळावर उतरली. ६ ऑगस्ट २०१२, आपल्या घड्याळात सकाळचे अकरा. तीनेक महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाचे दोन प्रोजेक्ट मार्गी लागले : एक दुसऱ्या ग्रहावर, दुसरा लोकांच्या पोटावर.

२०१३ मध्ये हे ड्रेस अमेरिकेत ‘पार्टी सिटी’च्या दुकानांत लागले. त्याच वर्षी रोबरने नासा सोडली आणि कंपनीही विकून टाकली. घेणारे कोण? एडिंबराचे ‘मॉर्फसूट्स’वाले. त्यांचीही सुरुवात अशीच, २००९ मध्ये, दोन भाऊ आणि एक दोस्त यांच्या जोडधंद्यातून. त्यांचा माल म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगाला चिकटलेली एकरंगी लायक्रा. तोंडसुद्धा झाकलेलं. पण कापड इतकं पातळ की आतून बाहेरचं दिसतं, आणि बिअरचा ग्लास सरळ तोंडाला लावला तरी चालतो.