भोकरदन म्हणजे नेमके कुठे?

२१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूरला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांचे ठरले, की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगळ्या वाटा धरायच्या आणि २४ तारखेला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांवर मिळून चाल करायची. हरकाऱ्यांची खबर होती, की शत्रू भोकरदनला आहे. २३ तारखेला वेलस्ली नळणीला पोचला तेव्हा तो शत्रू काही मैलांवरच असल्याचे कळले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे गेला आणि असईची लढाई झाली. या गफलतीचा खुलासा त्याने नंतर पत्रात केला. मराठ्यांची उजवी बगल भोकरदनपाशी होती. ज्या पायदळावर हल्ला करायचा ते मात्र डावीकडे, सहा ते आठ मैलांवर, असईपाशी होते. आणि त्या सगळ्या मुलखालाच भोकरदनचे नाव होते. हरकारे खोटे बोलले नव्हते. त्यांनी परगण्याचे नाव सांगितले, ऐकणाऱ्याने ते एका गावाचे समजले. रणभूमीचा अभ्यास करणाऱ्याने हा प्रसंग कायम समोर ठेवावा, असे मला वाटते. जुन्या कागदातले नाव नकाशावर शोधण्याआधी, सांगणाऱ्याच्या मनात गाव होते की परगणा, हे ठरवावे लागते. त्याशिवाय ते नाव पुरावा ठरत नाही.

हिंगोलीकडच्या वाचकाला हे पटकन पटेल. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या गावाला नुसते कनेरगाव म्हणून भागत नाही; ‘नाका’ जोडला की मराठवाडा-विदर्भाची सीमा आणि तिथून जाणारा रस्ता दोन्ही डोळ्यांपुढे येतात. बुद्रुक, खुर्द ही शेपटेही अशीच कामाची. १८०३च्या इंग्रजी कागदांत मात्र नावे कानावर पडली तशी उतरली आहेत. नळणीचे नॉलनिया झाले, जुई नदीची जुआ झाली. पिंपळगाव तर मराठवाड्यात पावलोपावली सापडते. मग लढाईतले पिंपळगाव ओळखायचे कसे? शेजाऱ्यांवरून. केळणेच्या एका काठावर पिंपळगाव, समोरच्या काठावर वरूड, पलीकडे जुई आणि तिच्या काठी असई. ही चारही एकत्र, याच क्रमाने जिथे बसतात ती जागा एकच निघते. खुद्द वेलस्लीनेही असाच तर्क चालवला होता. वाटाडे म्हणत होते की तिथे नदीला उतार नाही. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत, तेव्हा लोकांची ये-जा असणार आणि उतारही असणार, असे त्याने ताडले. उतार सापडला आणि फौज दोन नद्यांच्या बेचक्यात शिरली.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजांचे नकाशे शास्त्रशुद्ध होते, त्यांच्यावर शंका कशाला? पण लॅम्बटनची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ नुकती सुरू झाली होती; गोदावरीच्या उत्तरेपर्यंत ती पोचायला बराच काळ होता. फौजेबरोबर चालत काढलेल्या नकाशांत अंतर चाकाने मोजलेले आणि दिशा होकायंत्राने घेतलेली असे. म्हणून त्यांतल्या मैलांवर मी बऱ्यापैकी विसंबेन, नावांच्या स्पेलिंगवर अजिबात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सव्वादोनशे वर्षांत गावे हलतात, नावे बदलतात. खरे आहे. पण युरोपातल्या अभ्यासकांपुढे याहून कठीण काम होते. नेपोलियनने २ डिसेंबर १८०५ला जिंकलेल्या ऑस्टरलिट्झचे नाव आज स्लावकोव्ह आहे. त्या रणांगणावरची प्रात्झेन, टेल्निट्झ, सोकोल्निट्झ ही गावे आता चेक भाषेत प्रात्से, तेल्नित्से, सोकोल्नित्से आहेत. वॉटर्लूची लढाईही वॉटर्लू गावात झाली नाही. वेलिंग्टनचा, म्हणजे याच वेलस्लीचा, मुक्काम तिथे होता, म्हणून ते नाव चिकटले. आपल्याकडे नावाची भाषा बदललेली नाही, फक्त लेखन बिघडले आहे, त्यामुळे परतीची वाट जवळची आहे. हललेल्या गावाची जुनी जागा पांढरीवरून कळते. भूमी अभिलेखातल्या गावनकाशांवर शिवा, ओढे, गाडीवाटा असतात आणि शेतांची नावे गावकऱ्यांच्या तोंडी असतात. उपग्रहाचे चित्र आजचा नदीकाठ दाखवते. जुन्या गाडीवाटा कोणत्या उताराकडे जात, हे त्यावरून कळेलच असे नाही.

ही चिकाटी कशासाठी, याचे उत्तर असईतच आहे. इंग्रज अधिकारी ऑरॉकच्या हाताखालची तुकडी ठरल्यापेक्षा असई गावाच्या फार जवळ गेली, तिच्यामागे ७४वी पलटण गेली आणि गावाकडून झालेल्या माऱ्यात तिची वाताहत झाली. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. ‘फार जवळ’ म्हणजे किती, हे १८०३च्या गावठाणाची कड ठरल्याशिवाय सांगता येणार नाही. इंग्रजी कागदांत ते उत्तर पुरते मिळत नाही. केळणा जाफराबादला पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे हिंगोली जिल्ह्यात येते. या भागातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम आपले मानून हाती घ्यावे. असई, वरूड आणि पिंपळगावचे गावनकाशे शिवेला शीव लावून एकत्र मांडावेत आणि त्यांवर शेताशेताचे नाव, गावकरी उच्चारतात तसे, मराठीत लिहावे.