पोर्ट ऑफ स्पेनचा वसंत: ऐकीव आणि खरा

‘मार्च-एप्रिलात तिकडे छान वसंत असतो’

तिकडे वसंत नसतोच. त्रिनिदाद आणि टोबॅगोची ही राजधानी विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेदहा अंशांवर आहे. नकाशावर बोट आडवं सरकवत आणलं तर ते गोव्याच्या बरंच खाली, कोझिकोड आणि कोचीच्या मधोमध कुठेतरी येऊन टेकतं. ऋतू दोनच. जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळी. प्रवासी कंपन्या ज्याला ‘स्प्रिंग’ म्हणतात तो बर्फातून सुटका झालेल्या लोकांचा मोसम आहे, या शहराचा नव्हे. इथे तेव्हा कोरड्या ऋतूचं शेपूट चालू असतं. दुपारी पारा 32-33 अंशांवर जातो. शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या नॉर्दर्न रेंजच्या उतारांवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि अधूनमधून वणवे लागतात. सहारा वाळवंटातली धूळ अख्खा अटलांटिक ओलांडून येते, त्या दिवशी तर डोंगरही नीट दिसत नाहीत. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे हा काय तो दिलासा.

आणि तरीही यायचं तर याच दिवसांत यावं असं माझं मत आहे, कारण याच फुफाट्यात पुई नावाचं झाड फुलतं. झाडावर एक पान नसतं आणि अचानक सगळं झाड पिवळंधमक होतं. बहर थोडक्या दिवसांचा. सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात पुई फुलली की पोरांच्या पोटात गोळा येतो, कारण परीक्षा जवळ आलेली असते. गुलाबी पुईही असते. ती पाहून मुंबईकराला ओळख पटेल: विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गालगत फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गुलाबी टॅबेबुयाची रांग फुलते, ती याच कुळातली.

‘हॉटेलातून उठलं की समोर निळाशार समुद्र’

शहर समुद्रालगतच आहे, पण तो समुद्र म्हणजे पारियाचं आखात. तिथे गोदी, जहाजं आणि टोबॅगोला जाणाऱ्या फेरीबोटींचा धक्का. पलीकडे व्हेनेझुएला आहे. तिथली ओरिनोको नदी एवढा गाळ आणते की त्रिनिदादभोवतालचं पाणी पुष्कळदा हिरवट-मातकट दिसतं. पोहायला डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर मराकसला जावं लागतं. कॅलेंडरावरची पांढरी वाळू हवी असेल तर टोबॅगो गाठा. पोर्ट ऑफ स्पेन पर्यटकांच्या जिवावर जगत नाही. हा देश तेल आणि वायूवर उभा आहे, त्यामुळे राजधानीत कुणी तुमच्यासाठी नटून बसलेलं नसतं. मला ही गोष्ट आवडते. काहींचा हिरमोड होईल.

‘वसंतात गेलं की कार्निव्हल सापडतो’

कार्निव्हल असतो ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचे उपास सुरू होतात त्या बुधवारच्या, आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी, म्हणजे बहुधा फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला. 2025 साली तो 3 आणि 4 मार्चला होता, 2026 साली 16 आणि 17 फेब्रुवारीला. एप्रिलात पोचणाऱ्याला सापडतो तो उपासाचा काळ आणि ईस्टर. पॅनयार्डांतल्या, म्हणजे स्टीलपॅन वाजवणाऱ्या पथकांच्या अंगणांतल्या, रात्रभराच्या तालमी तोवर थांबलेल्या असतात. क्वीन्स पार्क सव्हाना हे कार्निव्हलचं मुख्य मैदान. सुमारे 260 एकर, म्हणजे शिवाजी पार्कच्या नऊपट. तिथे आता संध्याकाळी पळणारी माणसं, पतंग आणि शहाळीवाले दिसतात.

पण दिनदर्शिका रिकामी नसते. 30 मार्चला स्पिरिच्युअल बाप्टिस्ट पंथाच्या मुक्तीची सार्वजनिक सुट्टी असते. आफ्रिकी वळणाच्या या ख्रिस्ती उपासनेवर वसाहतीच्या सरकारने 1917 साली बंदी घातली होती, ती 1951 साली उठली. गुड फ्रायडेला काही ठिकाणी जुन्या कपड्यांत चिंध्या भरून ‘बोबोली’ नावाचं ज्यूडासचं बुजगावणं करतात आणि येणारेजाणारे त्याला बडवतात. पुष्कळदा त्या बुजगावण्यावर एखाद्या राजकारण्याचं नाव लावलेलं असतं.

‘वेस्ट इंडिजमधल्या खेळपट्ट्या म्हणजे वेगवान गोलंदाजांचं राज्य’

हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि निदान इथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानापुरता तरी तो खोडायला हवा. ओव्हलची खेळपट्टी फिरकीला साथ देणारी म्हणून ओळखली जायची. सुनील गावसकर 1971च्या मार्चमध्ये इथेच पहिली कसोटी खेळला. 65 आणि नाबाद 67. त्याच सामन्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईचं शतक झालं आणि अजित वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. एप्रिलात शेवटची कसोटी पुन्हा याच मैदानावर. दाढ ठणकत असताना गावसकरने 124 आणि 220 केल्या आणि मालिकेतल्या धावा 774 वर नेल्या. लॉर्ड रिलेटर या गायकाने मग त्याच्यावर कॅलिप्सो रचला.

1976ची गोष्ट तर थेट हवामानाची आहे. तिसरी कसोटी गयानात व्हायची होती. तिथे पावसाने घात केला, म्हणून ती कोरड्या त्रिनिदादला हलवली. वेस्ट इंडिजचा कर्णधार क्लाइव्ह लॉईडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले, शेवटच्या डावात 403 धावांचं लक्ष्य ठेवलं, आणि 12 एप्रिलला भारताने 4 बाद 406 करून सामना जिंकला. त्यानंतर लॉईडचा फिरकीवरचा विश्वास उडाला आणि चार वेगवान गोलंदाजांची ती प्रसिद्ध फळी उभी राहिली. म्हणजे आपण ज्याला ‘वेस्ट इंडिजचं क्रिकेट’ म्हणून घाबरत आलो, त्याची एक मुळी या शहरातल्या कोरड्या एप्रिलात आहे, आणि तिला खतपाणी आपल्याच फलंदाजांनी घातलं.

‘तिथे सगळे आपलेच, हिंदी चालेल’

30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज गिरमिटियांना, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांना, घेऊन त्रिनिदादला लागलं. 1917 पर्यंत सुमारे 1,45,000 माणसं आली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याहून बसलेली. त्यांची वस्ती उसाच्या पट्ट्यात, शगवानस-कुवाच्या बाजूला. राजधानीत आफ्रिकी वंशाचा समाज अधिक. आज घराघरांत त्रिनिदादी इंग्रजी बोलली जाते. भोजपुरी उरली ती मुख्यतः खाण्याच्या, नात्यांच्या शब्दांत आणि गाण्यात. मार्चमधली होळी तिथे ‘फगवा’ म्हणून साजरी होते. ढोलक-झांजेवर चौताल ही होळीची गाणी गातात आणि पाण्यात कालवलेला ‘अबीर’ उडवतात. गर्दी सगळ्या वंशांची असते. तिथल्या भारतीय वंशाच्या माणसांना ‘मूळ गाव कुठलं’ असं खोदून विचारत बसू नका. त्यांचं गाव शगवानसच आहे.

शाकाहारी माणूस उपाशी मरतो हाही भ्रमच. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ मिळतात: ‘बारा’ नावाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोल्यांचा रस्सा, वर चटणी. तिखट किती, ते आधीच सांगावं लागतं. ‘स्लाइट’ म्हटलं तरी नाक वाहतं.

‘छोटंसं बेट, काळजी कसली?’

काळजी आहे. टोळ्यांच्या हिंसेमुळे 2024च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा 2025च्या जुलैत देशात आणीबाणी जाहीर झाली होती. हिंसेचा जोर काही वस्त्यांत, मुख्यतः लाव्हेंटिल आणि पूर्वेकडच्या भागात असतो. रात्री पायी भटकू नये आणि स्थानिकांनी ‘तिकडे नको’ म्हटलं की वाद घालू नये. लष्करी छाप्याचे, हिरवे-करडे ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालणं तिथे बेकायदा आहे, लहान मुलांच्या अर्ध्या चड्डीसकट. बॅग भरतानाच ते बाजूला काढा.

आणि पीतज्वराची लस. तिकडे डास थोडे, मग कशाला, असं म्हणणारे परतताना अडकतात. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे तिकीट काढलं की लगेच तिची वेळ ठरवून टाका.