लाकडी दस्त्याची प्रत्येक रायफल ‘थ्री नॉट थ्री’ नसते

बंदोबस्तावरच्या जवानाच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची रायफल दिसली, की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘इंग्रजांनी टाकून दिलेली थ्री नॉट थ्री!’ २६/११ नंतर तर हे जास्तच ऐकू येतं. त्या रात्री सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या, हे खरं. म्हणून तशी दिसणारी प्रत्येक रायफल .३०३ ठरत नाही आणि इंग्रजांची तर त्याहून नाही.

आधी मॅगझिन बघा. .३०३च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. एकावर एक रचल्यावर या कडांमुळे काडतुसं कलतात, म्हणून मॅगझिनही तिरकं करावं लागतं. चौकोनी, सरळ डबीसारखं मॅगझिन दिसलं तर बहुधा ती ‘२ए१’ असते. तिचं काडतूस ७.६२ मिलिमीटरचं, बिनकडेचं. आता बोल्टच्या दांडीखाली, जिथे दस्ता पोलादाला मिळतो तिथे उजव्या बाजूला वाचा. २ए१ असेल तर तिथे तसं कोरलेलंच असतं. सोबत रायफल फॅक्टरी इशापूरची ‘आरएफआय’ ही आद्याक्षरं आणि साल. इशापूर पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याजवळ आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर आपण ही रायफल बनवली. साल १९६०च्या दशकातलं असताना ती इंग्रजांची कशी?

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘जुन्या .३०३च रिबोअर केल्यात.’ अहो, .३०३ची नळी ७.६२च्या नळीपेक्षा रुंद असते. रिबोअर करून भोक मोठं होतं, लहान कसं होईल? नुसती नळी बदलूनही भागत नाही. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून रिसीव्हरही अधिक मजबूत पोलादाचा नव्याने घडवला गेला. ली-एनफिल्ड या .३०३च्या घराण्याचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक इयन स्केनर्टन यांनीही या रायफली नव्या बनावटीच्याच असल्याचं नोंदवलं आहे. रूपांतराची ही गोष्ट कृपा करून थांबवा.

३०३ म्हणजे पल्ला नव्हे, मॉडेल क्रमांकही नव्हे. नळीचा आतला व्यास, .३०३ इंच.

‘१९१७ कोरलंय, म्हणजे ही पहिल्या महायुद्धात लढली’ हेही तसंच. ते साल रिसीव्हर बनल्याचं. नळीवर वेगळं साल असू शकतं, आणि ‘एफटीआर’ हा शिक्का असेल तर कारखान्यात तिची संपूर्ण दुरुस्ती झाली आहे. रिसीव्हर, बोल्ट आणि नळीवरचे क्रमांक जुळतात का, ते तपासा. रणांगणाचा पुरावा हवा तर कागद शोधावे लागतात.

शिक्क्यांमधला रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर शस्त्र लष्करी सेवेतून विकून टाकलेलं.

मुकुट आणि ‘व्हीआर’ ही व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं दिसली की १८५७ आठवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं : तेव्हाची एनफिल्ड तोंडाकडून भरायची, तिला बोल्ट नव्हता. आणि ‘व्हीआर’च्या खाली १९०६ असेल तर? व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. असा शिक्का बहुधा खैबर खिंडीच्या परिसरातल्या कारागिराचा. तिथे एखादं ‘एन’ हे अक्षर उलटं कोरलेलंही सापडतं.

‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशा रायफलीत काडतूस कधीही भरू नये.