१६० चौरस फुटांपासून ५०० पर्यंत

मुंबईतली सरकारी घरबांधणी साथीतून जन्मली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. याच त्या बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. खोलीत बायका-मुलं झोपली की पुरुषमाणसं व्हरांड्यात पथारी टाकत.

या चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. मोफत आणि मालकी हक्काने. हे मोठं काम आहे. शिवडीच्या १२ चाळी मात्र बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे केंद्राच्या जागेवर असल्याने रखडल्या.

खरी कसोटी चावी मिळाल्यावर लागते. चाळीचं भाडं नाममात्र होतं. टॉवरमध्ये लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च दरमहा येतो. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या कित्येक इमारतींत लिफ्ट बंद पडून असते आणि म्हाताऱ्यांचं खाली उतरणंच थांबतं.

आणि आज शहरात येणाऱ्या कामगाराचं काय? शंभर वर्षांपूर्वी त्याच्यासाठी सरकारने भाड्याची खोली बांधली होती. आता मुख्य भर मालकीच्या घरांवर आहे. पुनर्वसनातल्या रहिवाशांनी ताबा घेण्याआधी देखभाल निधीचा हिशेब लेखी मागून घ्यावा.