तान्ह्याचा पोटशूळ आणि ॲक्युपंक्चर

• पोटशूळ (कॉलिक) : निरोगी, नीट दूध पिणाऱ्या बाळाचे काही केल्या न थांबणारे रडणे. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी.

• पोटशूळ ओळखण्याचा तीनचा नियम : अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल, १९५४. दिवसाला ३ तासांहून, आठवड्यात ३ दिवसांहून आणि एकूण ३ आठवड्यांहून जास्त रडणे.

• वय : सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक, ३-४ महिन्यांत बहुधा आपोआप थांबते.

• ॲक्युपंक्चरची (सुई टोचून उपचार) सुई कुठे : अंगठा व तर्जनीमधील किंवा गुडघ्याखालील बिंदूवर, काही सेकंद.

• ॲक्युपंक्चरची चाचणी, नॉर्वे, २०१३ : ९० बाळे, ठळक फरक नाही.

• ॲक्युपंक्चरची चाचणी, स्वीडन, २०१७ : १४७ बाळे, रडणे काहीसे कमी.

• चाचण्यांचा एकत्रित आढावा, २०१८ : ॲक्युपंक्चरची सरसकट शिफारस नाही.

• लगेच डॉक्टरांकडे : ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न पिणे.