एक डिस्क गेली तरी
साठवणीची गोष्ट : लेखांक सहावा

२ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी भल्या पहाटे लोक तिथल्या स्मारकापाशी मानवंदनेला जमतात. पूर्वी अशा वेळी एखाद्याच्याच गळ्यात कॅमेरा असे, आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याची आठवण मुरबाड-कर्जतकडच्या कुणा आजोबांनी सांगितली असेल आणि नातवाने ती मोबाइलवर टिपून ठेवली असेल, तर ती फाइल आज कशावर आहे? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण सांगणारे आजोबा आता पुन्हा भेटणार नाहीत.

बहुधा ती मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर असेल. या दोन्हींत आणि संगणकातल्या एसएसडीत तत्त्व एकच आहे. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवायचा, तो किती आहे त्यावरून अंक वाचायचा. फिरणारे काही नसल्याने एसएसडी वेगवान असते, धक्केही सोसते. पण कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. वापरून झिजलेली साधी एसएसडी ३० अंश तापमानात विजेविना वर्षभर माहिती धरून ठेवेल, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात धरली आहे. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायला ती योग्य नाही.

हार्डडिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारे डोके सरकते. आयबीएमने १९५६मध्ये आणलेल्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये अशा ५० चकत्या होत्या आणि त्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज तेवढी जागा मोबाइलवरच्या एका फोटोला लागू शकते. हार्डडिस्क स्वस्तात भरपूर साठवते, मात्र पडली की संपली. मरण्याआधी ती बऱ्याचदा कटकट आवाज करते, वाचायला वेळ लावते. तेव्हाच फाइली दुसरीकडे काढून घ्याव्यात. एसएसडी अनेकदा काहीही न सांगता जाते.

डिस्क कधीतरी बिघडणारच, हे धरून चालणारी रचना म्हणजे ‘रेड’. बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८च्या शोधनिबंधात ती मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा ताफा लावायचा आणि त्यात थोडी जास्तीची माहिती ठेवायची. रेड १ सगळ्यांत सोपी : दोन डिस्कांवर तेच लिहायचे. निम्मी जागा जाते, पण समजायला आणि दुरुस्तीला सरळ, म्हणून लहान संस्थेला मी हीच सुचवेन. रेड ० नावापुरतीच रेड आहे. तिच्यात माहिती वाटून वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते.

खरी गंमत रेड ५ची. समजा, तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ आहेत. चौथीवर असा अंक लिहायचा की एकूण एकड्यांची संख्या सम राहावी. इथे एकडे दोन आहेत, म्हणून चौथा अंक ०. आता तिसरी डिस्क गेली आणि १, ०, ० उरले, तर हरवलेला अंक १च असणार. हा जास्तीचा अंक आळीपाळीने सगळ्या डिस्कांवर ठेवतात. ४ टीबीच्या चार डिस्का लावल्या की १२ टीबी जागा मिळते आणि कुठलीही एक गेली तरी चालते. मात्र नवी डिस्क बसवल्यावर ती भरायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. त्या काळात उरलेल्या डिस्का अखंड वाचल्या जातात, आणि त्या एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच जुन्या असतात. तेवढ्यात दुसरी गेली तर काहीच हाती लागत नाही. दोन डिस्कांचा बिघाड सोसणारी रेड ६ म्हणूनच आली. पावसाळ्यात वीज ये-जा करते तिथे यूपीएस हवाच, कारण माहिती लिहिता लिहिता वीज गेली तर अंकांचा मेळ बिघडू शकतो.

रेड घेतली म्हणजे बॅकअप झाला, हा समज मात्र घातक आहे. चुकून फोल्डर उडवले तर रेड ते सगळ्या डिस्कांवरून तत्परतेने उडवते. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, पेटी चोरीला गेली, छप्पर गळले, तरी तेच, कारण ताफ्यातल्या सगळ्या डिस्का एकाच पेटीत असतात. रेड काम थांबू देत नाही एवढेच. माहिती वाचवायची तर तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आजोबांच्या त्या फाइलीची एक प्रत मुरबाडला संगणकात, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर आणि तिसरी कल्याण-ठाण्यातल्या नातलगाकडे, एवढे आज कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. हार्डडिस्क प्रत काढून झाल्यावर सोडवून ठेवावी, जोडलेली राहू देऊ नये. आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्याच संगणकावर लावून रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे. फाइलीचे नाव दिसते म्हणजे ती उघडेलच असे नाही.

तिसरी प्रत नातलगाऐवजी क्लाउडवर ठेवली तर काय बदलते, आणि पैसे भरणे थांबवले की तिचे काय होते, हे पुढच्या आठवड्यात पाहू.