उपाशीपोटी फवारणी : शरीरातील ऊर्जेचा हिशेब आणि विषबाधेची ओळख

वाळवंटी टोळ उड्डाणाच्या आरंभी रक्तद्रवातील ट्रेहॅलोज ही शर्करा खर्च करतो. उड्डाण लांबले की मेंदूलगतच्या ग्रंथीतून एक संप्रेरक स्रवते, मेदपिंडातील चरबी मोकळी होते आणि पुढचा प्रवास त्या इंधनावर चालतो. मानवी शरीराची व्यवस्था याहून गुंतागुंतीची असली, तरी साधारण क्रम तोच आहे : आधी साखर, मग चरबी. खरीप पिकांवरील फवारणीचे दिवस आणि श्रावण ते नवरात्र हा व्रतांचा काळ एकत्रच येतो. त्यामुळे हा क्रम समजून घेणे फवारणी करणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

जेवण आणि उपवास

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढते. इन्सुलिनच्या प्रभावाने त्याचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात साठवला जातो : यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. स्नायूंतील साठा मात्र स्नायूंपुरताच असतो. तो ग्लुकोज म्हणून रक्तात परत येत नाही. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि उपवासात त्याची जबाबदारी मुख्यतः यकृतावर पडते. रात्रीचे जेवण होऊन बारा-सोळा तास लोटले की यकृतातील साठा बराच घटतो. मग यकृत अमिनो आम्ले, लॅक्टेट आणि ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज तयार करते. स्नायू अधिकाधिक चरबी वापरू लागतात.

त्यामुळे निरोगी माणसाची रक्तशर्करा एका दिवसाच्या उपवासाने सहसा धोकादायक पातळीपर्यंत घसरत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी उपाशीपोटी श्रम करणे घातक ठरू शकते.

श्रम आणि उष्णतेची भर

सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालणे हे जड काम आहे. उष्ण, दमट हवेत अशा कामात तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. उपवासात इन्सुलिनची पातळी उतरल्याने मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात. घामावाटेही मीठ-पाणी जात असते. परिणामी रक्तदाब उतरतो, उभे राहताच अंधारी येते. दुसरीकडे, तापलेल्या व घामाने भिजलेल्या त्वचेतून कीटकनाशकाचे शोषण वाढते.

लक्षणांचा घातक सारखेपणा

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्क्रिय करतात. किडीच्या मज्जासंस्थेवर त्यांचा जो आघात होतो, तोच माणसावरही होतो. आरंभीची लक्षणे म्हणजे घाम, मळमळ, डोकेदुखी, चक्कर आणि अशक्तपणा. उपवास व उन्हाचा त्रास यांतही हेच दिसते. ‘उपवासाची भोवळ आहे, थोडे बसलो की बरे वाटेल’ असे म्हणत मोलाचा वेळ निघून जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उपचाराला होणारा विलंब किती महाग पडू शकतो, याची जाणीव अशा घटनांनी ठेवायला हवी.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, तोंडातून लाळ व डोळ्यांतून पाणी वाहणे, स्नायू फडफडणे, छातीत घरघर ही विषबाधेकडे बोट दाखवणारी चिन्हे आहेत. मात्र ती दिसेपर्यंत थांबू नये. फवारणी करताना किंवा त्यानंतर काही तासांत चक्कर आली, तर तपासणी होईपर्यंत ती विषबाधाच समजावी.

शिवारात काय करावे?

- फवारणीपूर्वी भाकरी, उसळ असा पोटभर नाश्ता व पुरेसे पाणी घ्यावे. उपवास असल्यास भगर, राजगिरा, शेंगदाणे, रताळे, ताक यांचा आधार घ्यावा.
- निर्जळी उपवासाच्या दिवशी फवारणी करू नये. काम एक दिवस पुढे ढकलावे.
- फवारणी सकाळी लवकर उरकावी. दर तासाला सावलीत थांबून, हात-तोंड साबणाने धुऊन पाणी प्यावे. रसायनाने माखलेल्या हातांनी काहीही खाऊ नये.
- त्रास जाणवताच फवारणी थांबवून रुग्णाला शेताबाहेर न्यावे, कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. बेशुद्धास तोंडाने काही देऊ नये.
- विलंब न करता रुग्णालय गाठावे आणि कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबल डॉक्टरांना दाखवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीची शिफारस करताना औषधाच्या मात्रेबरोबर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा : आज जेवण झाले आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पंप भरण्याआधी ताट वाढण्याचा सल्ला द्यावा. पोट भरलेले असले म्हणजे विषबाधा टळते असे नाही. परंतु चक्कर आली तर तिचे खापर उपवासावर फोडले जात नाही आणि उपचार वेळेत सुरू होण्याची शक्यता वाढते.